डाव मांडा, मैत्रिणी जोडा

आज कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलायचं नाही आणि कुठल्या योजनेचे कागदही सांगायचे नाहीत. आजचा विषय आहे खेळ आणि खेळातून होणारी मैत्री. हसू नका, ऐका. गटांच्या कामासाठी पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात फिरताना मला बायका बरेच प्रश्न विचारतात. बँकेचं विचारतात, रेशनचं विचारतात. पण काम संपून मी निघाले की दारापर्यंत सोडायला येणारी एखादी हळूच म्हणते, "ताई, इथं माझं बोलायला कुणी नाही हो."

हे म्हणणारी बाई गर्दीत राहत असते. बोईसरच्या चाळीत एका भिंतीला दोन घरं, नळावर रांग, जिन्यात मुलं. तरी तिला बोलायला कुणी नसतं. आज त्यावरचा एक साधा उपाय समजून घेऊ. तो का लागू पडतो, कसा करायचा आणि त्यात काय जपायचं, तेही पाहू.

मैत्री आपसूक का होत नाही

शाळेत असताना मैत्रिणी कराव्या लागल्या नाहीत, त्या झाल्या. रोज एका बाकावर बसणं, सुट्टीत लंगडी, दोरीउड्या, सागरगोटे. मग लग्न झालं, गाव सुटलं. सासरी आपण कुणाची तरी सून, कुणाची तरी वहिनी, नंतर कुणाची तरी आई. नाती पुष्कळ मिळाली, पण ज्यात आपलं नुसतं नाव पुरतं, असं एकही नाही.

आपल्या भागात त्यात आणखी भर आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली आणि बोईसर हे पोटासाठी आलेल्या माणसांचं गाव झालं. कुणी खानदेशातून आलं, कुणी मराठवाड्यातून, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. जव्हार-मोखाड्याकडून कामाला येणारी आदिवासी कुटुंबं आहेत. अक्करपट्टी-पोफरणसारखी गावं तर प्रकल्पासाठी उठून दुसरीकडे वसली. नवऱ्याची पाळी बदलत राहते. रात्रपाळी असेल तर दिवसभर घरात आवाज करायचा नाही, पोरांना गप्प ठेवायचं. शेजारणीचा नवरा दिवसपाळीला, त्यामुळे दोघींच्या रिकाम्या वेळा जुळत नाहीत. वर्ष निघून जातं आणि ओळख "पाणी आलं का?" याच्या पुढे जात नाही.

हे दुखणं आपल्या एकटीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 साली एक अहवाल काढला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे, असं त्यात म्हटलं आहे. एकटेपणानं मन तर खचतंच, शरीरही खचतं, म्हणून आरोग्याचं काम करणारी माणसं त्याकडे लक्ष देऊ लागली आहेत. तेव्हा कुणी असं सांगितलं तर "हिला काय धाड भरली" म्हणून उडवून लावू नका.

मैत्रीला तास लागतात

आता एक गंमतीची माहिती. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल नावाचे प्राध्यापक आहेत. नव्या गावात आलेल्या माणसांची मैत्री किती वेळात होते, हे त्यांनी तपासलं. 2018 साली ते प्रसिद्ध झालं. त्यांना आढळलं ते असं: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास लागतात. खरी मैत्री म्हणावी अशी व्हायला सुमारे 90 तास. आणि जिवाभावाची मैत्रीण व्हायला 200 तासांहून जास्त.

त्यातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त उपयोगाची आहे. नुसतं एकत्र काम केलेले तास मैत्रीत फारसे धरले जात नाहीत. गप्पा, थट्टामस्करी, एकत्र खेळणं, यात गेलेले तास मोजले जातात. आता कळलं का, गटाची बैठक दर आठवड्याला होते, तरी दहाजणींमध्ये मैत्री का होत नाही? बैठकीत आपण हजेरी घेतो, बचत जमा करतो, कर्जाचं बोलतो, वही लिहितो. ते कामाचे तास. ते हवेतच, त्यावर गट उभा आहे. पण ते मैत्रीचे तास नव्हेत.

हिशेब करून पाहा. आपण हिशेबाच्या बायका. आठवड्याला एक तास खेळलात तर वर्षाचे 52 तास होतात. म्हणजे वर्षभरात साधी मैत्री. अर्धाच तास मिळाला तर दोन वर्षं. घाई कशाला? बचतीसारखंच आहे हे. थोडं थोडं, पण न चुकता.

खेळात असं काय असतं

कुणी म्हणेल, मग नुसत्या गप्पा मारू, खेळ कशाला? नुसत्या गप्पा मारायला अनोळखी बाईसमोर बसून पाहा. दोन मिनिटांत विषय संपतो आणि दोघी पदराशी चाळा करत बसतात. खेळ चार कामं करतो.

पहिलं, भेटायला कारण देतो. "तुझ्याकडे येते" म्हणायला संकोच वाटतो. "डाव अर्धा राहिलाय, पुरा करू" म्हणायला वाटत नाही. काल हरलेली उद्या परतफेड करायला येणारच.

दुसरं, डोळे आणि हात गुंतलेले असतात. समोरासमोर बघून मनातलं सांगणं अवघड. पटाकडे बघत, सोंगटी हलवत सहज बोललं जातं. निवडायला तांदूळ घेतले की कशा गप्पा निघतात, तसंच हे.

तिसरं, पाळी सगळ्यांना सारखी येते. गटाची अध्यक्ष असो की कालच आलेली सदस्य, सासू असो की सून, फासा कुणाला ओळखत नाही. आमच्याकडच्या एका वस्तीत साठीच्या काकूंची सोंगटी विशीतल्या सुनेनं मारली. काकू म्हणाल्या, "घरी चल, मग बघते." सगळ्या हसल्या आणि सूनही हसली. एरवी त्या घरात असं हसणं होत नव्हतं.

चौथं, भाषा फार लागत नाही. वारली बोलणारी, वाडवळी बोलणारी, मांगेली बोलणारी, भोजपुरी बोलणारी, अशा चौघी एका कॅरमभोवती बसू शकतात. राणी घेतली की आनंद सगळ्यांना कळतो. शब्द मागाहून येतात.

आणखी एक. माणूस कसं आहे हे खेळात लवकर दिसतं. कोण रडीचा डाव खेळते, कोण हरल्यावर हसते, कोण नव्या बाईला सांभाळून घेते. जिच्या हातात उद्या गटाची तिजोरी द्यायची, तिला आज खेळताना पाहिलेलं बरं!

मोबाइलवरून ओट्यावर

2020 चं लॉकडाऊन आठवतं ना? घराघरात मोबाइलवर लुडो सुरू होता. त्यातला सगळ्यात गाजलेला खेळ, लुडो किंग, आपल्या शेजारच्या नवी मुंबईतल्या कंपनीनं 2016 साली आणला. माहेरच्या बहिणी, दूरच्या जावा, जुन्या वर्गमैत्रिणी त्यावर भेटू लागल्या. चार रंग, चार घरं, चार जणी.

पण लुडो आपल्याला नवा कुठे आहे? आपल्या आजीच्या पचिशीचंच ते रूप. कवड्यांवर खेळायची आणि पंचवीसचं दान मोठं मानायची, म्हणून ती पचिशी. इंग्रजांनी ती पाहिली, सोपी केली, कवड्यांच्या जागी फासा घातला. 1896 साली इंग्लंडमध्ये लुडो या नावानं तिचं पेटंट घेतलं गेलं. आपला खेळ फिरून मोबाइलमधून परत घरी आला.

मोबाइलच्या खेळाची एक चांगली बाजू आहे. ज्या बाईला घराबाहेर पडू देत नाहीत, तिलाही तो खेळता येतो. बोईसरच्या एका चाळीत चार-पाच भाड्याच्या खोल्यांतल्या बायका अशाच आपापल्या दाराआड लुडो खेळायच्या, प्रत्येक जण आपल्या गावाकडच्या माणसांशी. एकीच्या मोबाइलचा फासा पडल्याचा आवाज दुसरीला भिंतीपलीकडून ऐकू गेला. तिनं विचारलं, "भाभी, तुम भी खेलती हो?" तिथून त्या एका खोलीत एका मोबाइलवर खेळू लागल्या, मग बाजारातून कागदी पट आणला आणि जिन्याखालच्या ओट्यावर बसू लागल्या. पुढे त्यातल्या एकीला अवघडलेल्या अवस्थेत रात्री कळा सुरू झाल्या. नवरा रात्रपाळीला, मोबाइल कंपनीच्या दारावर जमा. तिनं भिंत वाजवली. दोघी तिच्याबरोबर रिक्षात बसल्या, तिसरीनं तिचं मोठं पोर सांभाळलं, चौथी कंपनीच्या दारात निरोप घेऊन गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. सहा महिन्यांपूर्वी या बायकांना एकमेकींची नावं ठाऊक नव्हती.

म्हणून मोबाइलवर खेळत असाल तर जरूर खेळा, पण तिथेच थांबू नका. खेळता खेळता विचारा, कुठे राहता, कधी मोकळ्या असता. एकाच गावच्या, एकाच वस्तीच्या असाल तर पट घेऊन एकत्र बसा. मोबाइल ओळख करून देईल. तापानं फणफणलेल्या पोराला उचलायला शेजारचीच येईल.

लोकलच्या डब्यातली शाळा

हे कसं जमतं ते पाहायचं असेल तर सकाळच्या डहाणू लोकलच्या महिला डब्यात बसा. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका रोज मुंबईकडे नोकरीला जाऊ लागल्या. पश्चिम रेल्वेनं त्याआधी 1992 सालीच चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू केली होती. या डब्यांत काय नाही होत? मटार सोलले जातात, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणं होतात, दसऱ्याला डबा सजतो. आणि अंताक्षरी तर ठरलेली.

मोजून बघा, पालघरहून अंधेरीपर्यंतचा रोजचा प्रवास. पन्नास तास व्हायला काही आठवडे पुरतात. म्हणूनच लोकलच्या मैत्रिणी नोकरी सुटल्यावरही एकमेकींच्या मुलांच्या लग्नाला जातात. रोजची तीच वेळ, तोच डबा आणि एकत्र काहीतरी गमतीचं करणं, एवढ्यावर ती मैत्री उभी असते. आपल्याला गावात हेच करायचं आहे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला खेळ.

गटात कसं सुरू कराल

फार काही लागत नाही. या गोष्टी धरून ठेवा.

वेळ: बैठक संपून वही बंद झाली की मग खेळ, आधी नाही. अर्धा तास ते एक तास. उठायची वेळ आधीच सांगून ठेवा, म्हणजे घरी सांगता येतं आणि स्वयंपाकाला उशीर होत नाही. आवणीच्या दिवसांत, भातकापणीत, किनाऱ्यावर मासळी वाळवायच्या घाईत खेळ बंद ठेवा आणि काम सरलं की पुन्हा सुरू करा. मात्र पुन्हा कधी, ती तारीख बंद करतानाच ठरवा.

जागा: समाजमंदिर, अंगणवाडी सुटल्यावरचा व्हरांडा, कुणाचा ओटा. एकाच सदस्याच्या घरी कायम नको. तिच्यावर चहाचा भार पडतो आणि "तिचा अड्डा" असं नाव पडतं.

साहित्य: खडूनं जमिनीवर पट आखा. कवड्या नसतील तर चिंचोके मधोमध फोडा, एक बाजू पांढरी, एक काळी, झालं दान. पाच खड्यांवर सागरगोटे होतात. कॅरम गावातल्या तरुण मंडळाकडे असतो, दुपारी तो पडूनच असतो, मागून घ्या.

जोड्या: रोजच्या मैत्रिणी रोज एका बाजूला बसल्या तर नवीन ओळख कशी होणार? चिठ्ठ्या टाका. नवीन आलेल्या बाईला पहिला डाव द्या आणि तिच्या जोडीला खेळ येणारी एक बाई द्या.

शिकवणारी: ज्येष्ठ बायकांना पुढे करा. झिम्मा, फुगडीचे प्रकार, पिंगा, सागरगोट्यांचे हात त्यांना येतात. वारली पाड्यांवर गौरीच्या नाचात पावलं कशी टाकायची हे आजीच सांगेल. एरवी "तुम्हाला काय कळतं" असं ऐकणाऱ्या बाईला कुणी "मावशी, शिकवा ना" म्हटलं की तिचा चेहरा बघा.

पैसा: खेळात एक रुपयाही लावायचा नाही. गटाच्या बचतीजवळ तर खेळ फिरकूही नये. बक्षीसच हवं तर हरणारीनं सगळ्यांना भाजलेले शेंगदाणे द्यावेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोण येत नाही ते पाहा. एखादी सलग दोन-तीन वेळा आली नाही तर तिच्या घरी जा. आजारी असेल, मारहाण झाली असेल, कर्जाच्या वसुलीला घाबरली असेल. हप्ता मागायला आलेल्या बाईला ती दार उघडणार नाही. "डावाला का नाही आलीस?" म्हणत आलेल्या बाईला उघडेल.

फोनवर अनोळखी माणसाशी खेळताना

इथे थोडं सावध बोलायला हवं. ज्यांच्या घरी तरुण मुली आणि मुलं आहेत, त्यांनी हे नीट ऐका.

पैसे लावून खेळायच्या मोबाइल खेळांपासून लांब राहा. रमी असो वा आणखी काही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून असे पैशाचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून घरात कुणी यात पैसे घालवले असतील तर भीतीनं लपवू नका, आधी पैसा जाणं थांबवा.

खेळात ओळख झालेल्या माणसाला ओटीपी, बँकेचा तपशील, आधारचा फोटो, स्वतःचे खासगी फोटो काहीही द्यायचं नाही. बाईचं नाव आणि बाईचा फोटो दिसला म्हणजे पलीकडे बाईच आहे असं नसतं. भेटायचं ठरलं तर दिवसाउजेडी, चार माणसांच्या जागी, बरोबर ओळखीची एक बाई घेऊन आणि घरी सांगून. जो "कुणाला सांगू नकोस" म्हणतो, त्याचा डाव तिथेच बंद करा. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. जितकी घाई कराल, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

लोक काय म्हणतील

म्हणतील. "बायकांना कामं नाहीत" हे पहिलं वाक्य ठरलेलं आहे. नाक्यावर पुरुष संध्याकाळी पत्ते कुटतात, कॅरम खेळतात, त्यांना कुणी विचारत नाही. तुम्ही भांडू नका. वही दाखवा. बैठक झाली, बचत जमा झाली, परतफेड झाली, मग आम्ही अर्धा तास बसलो.

दुसरं, "खेळ पोरासोरांचे." त्यांना सांगा, 1974 साली देशातली पहिली महिला बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी याही तशाच खेळणाऱ्या. घरात एकमेकींशी खेळता खेळता या तीन बहिणींनी पुढची दहा वर्षं ते अजिंक्यपद आपल्याकडेच ठेवलं. आणि 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. आपल्याला विश्वचषक नको, शेजारीण हवी. पण पटावर बसलेल्या बाईला कुणी कमी लेखू नये.

तिसरं, "खेळात भांडणं होतात." होतात ना. सोंगटी सरकवली म्हणून दोघी चिडतात, आठवडाभर बोलत नाहीत, पुढच्या डावाला पुन्हा बसतात. हीच सवय पुढे कामाला येते. कर्ज कुणाला द्यायचं यावरून गटात मतभेद होतो, तेव्हा ज्या बायका एकदा भांडून पुन्हा एकत्र बसल्या आहेत, त्यांचा गट तुटत नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम सांगते. तुमच्या गल्लीत, पाड्यात, चाळीत जिच्याशी "पाणी आलं का" याच्या पुढे बोलणं झालेलं नाही, अशी एक बाई हेरा. गटाच्या पुढच्या बैठकीला तिला हाक मारा. सदस्य नसली तरी खेळायला चालते. वही बंद झाली की तिच्यासाठी चटईवर जागा करा आणि पहिलं दान तिला द्या. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्याकडे कुठला खेळ खेळला ते मला कळवा. एखादा जुना खेळ कुणाच्या आजीला आठवत असेल तर तोही लिहून पाठवा. पुढच्या भागात सगळ्यांना सांगू.

नमस्कार.